घर आपले, पण पायाखालची जमीन कोणाची?

कवठे महांकाळच्या जुन्या पेठेत घर आणि दुकान यांत फारसे अंतर नव्हते. पुढे पेढी, मागे माजघर आणि वर धान्याचा माळा, अशी रचना असे. जागेचा उतारा काढला की त्यावर आजोबांचे, नाहीतर पणजोबांचे नाव सापडे. कौले फुटली तर आपण फिरवायची आणि भिंत खचली तर आपणच बांधायची. त्यासाठी कोणाची संमती लागत नसे, आणि कोणाकडे वर्गणीही मागावी लागत नसे. भावाभावांत वाटणी झाली तरी मध्ये भिंत घालून प्रश्न मिटत असे, कारण भिंतीच्या दोन्ही बाजूंची जमीन घरच्यांचीच होती.

आता हे चित्र बदलले आहे. गाव नगरपंचायतीचे झाले आणि रस्ते मोठे झाले. द्राक्ष-बेदाण्याच्या व्यापाराने पैसा खेळू लागला, मुलांची शिक्षणे सांगली-पुण्याकडे सरकली. जुन्या वाड्यांच्या जागी खाली गाळे आणि वर सदनिका अशा इमारती उभ्या राहत आहेत. आपल्यापैकी कित्येकांनी गावात एक, सांगली किंवा मिरजेत एक आणि मुलासाठी पुण्यात एक अशा सदनिका घेतल्या आहेत. घेताना दर चौरस फुटाचा भाव पाहिला, देवघराची दिशा पाहिली आणि बँकेचे व्याज पाहिले. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती आज कोणाच्या नावावर आहे, एवढाच प्रश्न बहुधा राहून गेला.

एखाद्या कौटुंबिक समारंभात हा प्रश्न सहज विचारून पाहावा. "करारनामा रजिस्टर केला आहे," असे उत्तर तत्काळ मिळते. "सोसायटी झाली का? जमिनीचे खत सोसायटीच्या नावे झाले का?" असे पुढे विचारले की बैठक शांत होते. पावतीवरील आडत आणि हमाली यांचा पैसा-पैसा तपासणारे आपण, आयुष्यातील सर्वांत मोठ्या खरेदीत निम्माच व्यवहार पुरा करून थांबलेलो असतो.

विकत नेमके काय घेतले?

सदनिका ही चार भिंतींमधील पोकळी असते. तिला आधार देणारे खांब, वर जाणारा जिना, पाण्याची टाकी, गच्ची, गाड्या लावण्याची जागा आणि मुख्य म्हणजे खालची जमीन या साऱ्या गोष्टी कोणा एकाच्या नसतात. त्या सर्वांच्या मिळून असतात. जे सर्वांचे आहे ते कोणाच्या नावावर राहावे, त्याची देखभाल कोणी करावी आणि खर्च कोणी किती सोसावा, एवढ्या तीन प्रश्नांसाठी हे सगळे कायदे झाले.

आपल्याकडे या विचाराची सुरुवात मुंबईत झाली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने 1915 मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. मध्यमवर्गीय कुटुंबांनी एकत्र येऊन घरे उभारावीत आणि त्यांची मालकी संस्थेकडे ठेवावी, ही कल्पना तेथे रुजली. पुढे मुंबईत जागेची टंचाई वाढली, तेव्हा रहिवाशांच्या संस्थेऐवजी बांधकाम व्यावसायिक इमारती बांधून 'मालकी तत्त्वावर' सदनिका विकू लागले. पैसे घेऊन ताबा लांबवणे, नकाशे बदलणे, जमीन स्वतःच्याच नावे ठेवणे अशा तक्रारी वाढल्या. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर त्याच महिन्यात, 20 मे 1960 रोजी, शासनाने यासाठी एक समिती नेमली. जून 1961 मध्ये तिचा अहवाल आला आणि त्यातून 1963 चा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. व्यवहारात त्याला सर्वजण 'मोफा' म्हणतात.

या कायद्याने विकासकावर काही बंधने घातली. करारनामा करून तो नोंदवण्यापूर्वी किमतीच्या 20 टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायची नाही. खरेदीदारांची किमान संख्या पूर्ण होताच चार महिन्यांत त्यांची संस्था नोंदण्यासाठी अर्ज करायचा. संस्था झाल्यावर, करारात वेगळी मुदत ठरली नसेल तर, चार महिन्यांत जमीन व इमारतीचे खत तिच्या नावे करून द्यायचे. साठ वर्षांपूर्वी कायद्यात लिहिलेली ही शेवटची गोष्टच आजही सर्वाधिक अपुरी राहते.

2016 च्या रेरा कायद्याने ही बंधने आणखी कडक केली. महारेरा 1 मे 2017 पासून कार्यरत आहे. करारापूर्वीची रक्कम तेथे 10 टक्क्यांवर आली, आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात संरचनेचा दोष निघाला तर विकासकाने तो विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी आली. मात्र तालुक्याच्या गावातील खरेदीदाराने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या प्रकल्पाची जमीन 500 चौरस मीटरहून अधिक नाही, किंवा ज्यात आठांहून अधिक सदनिका नाहीत, त्याला रेराची नोंदणी सक्तीची नाही. पेठेतील वाडा पाडून उभ्या राहणाऱ्या अनेक इमारती याच मापात बसतात. तेथे 1963 चा कायदा आणि आपली स्वतःची दक्षता हाच आधार उरतो.

दोन वाटा: सोसायटी आणि अपार्टमेंट

महाराष्ट्रात सदनिकाधारकांना एकत्र बांधणाऱ्या दोन मुख्य व्यवस्था आहेत. बोलताना आपण दोन्हींना 'सोसायटी'च म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने त्यांत मोठा भेद आहे.

पहिली व्यवस्था सहकारी गृहनिर्माण संस्थेची. ती 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली येते, आणि 2019 पासून या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. येथे जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे होते. आपण संस्थेचे सभासद असतो, आपल्याकडे भाग प्रमाणपत्र असते आणि त्या नात्याने सदनिकेचा हक्क असतो. देखरेखीला निबंधक असतात. थकबाकी वसुलीसाठी संस्था निबंधकांकडून दाखला मिळवू शकते आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते.

दुसरी व्यवस्था 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याची. पाच किंवा अधिक सदनिकांच्या इमारतीला ती स्वीकारता येते. जमिनीचा मालक किंवा विकासक एक घोषणापत्र नोंदवतो. त्यात प्रत्येक सदनिकेचे वर्णन असते, सामाईक जागांची यादी असते आणि प्रत्येकाचा जमिनीतील अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. त्यानंतर प्रत्येक खरेदीदाराच्या नावे स्वतंत्र खत होते, त्याला डीड ऑफ अपार्टमेंट म्हणतात. या खताने सदनिका आणि जमिनीतील हिस्सा दोन्ही आपल्या नावावर येतात, आणि तो हिस्सा सदनिकेपासून तोडून वेगळा विकता येत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मुले 'काँडोमिनियम' म्हणून सांगतात ती व्यवस्था याच कुळातील आहे. तेथेही 1960 नंतरच्या दशकात एकेका राज्याने त्यासाठी कायदे केले.

यापैकी चांगली कोणती, असा प्रश्न नेहमी येतो. दोन्ही चांगल्या आहेत, परंतु अर्धवट ठेवल्यास दोन्ही घातक आहेत. सोसायटी नोंदली आणि जमिनीचे खत झाले नाही, तर संस्थेच्या हाती शिक्का आणि इतिवृत्ताची वही एवढेच राहते. घोषणापत्र नोंदले गेले आणि तुमच्या सदनिकेचे डीड झाले नाही, तर टक्केवारी कागदावर राहते आणि नाव जुन्या मालकाचेच राहते. घेतेवेळी झालेला करारनामा हा विक्री करण्याचा करार असतो. विक्री पूर्ण होते ती खताने.

खत नसेल तर बिघडते काय?

"वीस वर्षे राहतो आहोत, कोणी काही म्हटले नाही," असे पुष्कळजण सांगतात. खरोखरच वीस वर्षे काही होत नाही. प्रश्न उभा राहतो तो एकविसाव्या वर्षी.

समजा, पेठेतील एका इमारतीत वर बारा सदनिका आणि खाली चार गाळे आहेत. जमीन मूळ चार भावांची होती आणि त्यांनी ती विकासकाला विकसनासाठी दिली होती. सर्वांचे करारनामे नोंदलेले आहेत, खत मात्र झालेले नाही. मिळकत पत्रिकेवर अजून चार भावांचीच नावे आहेत. त्यातील दोघे निवर्तले आणि वारस म्हणून सात नावे लागली. एक वारस परदेशी आहे, एकाचे कर्ज थकले आहे. आता इमारत जीर्ण झाली आणि ती पाडून नवी बांधायची ठरली, तर बोलणी कोणाशी करायची? वाढीव बांधकामाचा हक्क कागदोपत्री जमीनमालकाकडे आहे. सोळा कुटुंबे आपल्याच घरात राहत असूनही त्या चर्चेत पाहुणी ठरतात. ज्या सहीला वीस वर्षांपूर्वी एक दिवस पुरला असता, तिच्यासाठी आता सात उंबरे झिजवावे लागतात.

यावर कायद्याने एक मार्ग ठेवला आहे. 2008 च्या सुधारणेने 'मोफा'त मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद झाली. विकासक किंवा जमीनमालक खत करून देत नसेल तर संस्थेने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकांकडे, अर्ज करावा. प्राधिकारी कागद तपासतात, समोरच्या पक्षाला सुनावणीची संधी देतात आणि सहा महिन्यांच्या आत निर्णय देणे अपेक्षित असते. अर्ज मान्य झाला की त्यांच्या प्रमाणपत्राच्या आधारे दुय्यम निबंधकांकडे खत एकतर्फी नोंदवता येते. त्यासाठी विकासकाची सही लागत नाही. नोंदलेले करारनामे, मुद्रांक शुल्क भरल्याचे पुरावे, मंजूर नकाशा, मिळकत पत्रिका किंवा सात-बारा आणि सभासदांची यादी हे कागद तयार असले तर काम सोपे होते. एका सदनिकेचा करारनामा हरवलेला असला तरी साऱ्या इमारतीची फाइल अडून बसते, म्हणून ही तयारी एकट्याने करून भागत नाही.

गाड्यांच्या जागेचा वादही याच मुळाचा. इमारतीखालच्या खांबांमधील जागा विकासकाने स्वतंत्रपणे विकल्याच्या प्रकरणात, मुंबईच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2010 रोजी निर्णय दिला. 'मोफा'खालील इमारतीत अशी जागा सामाईक सुविधेत मोडते आणि ती वेगळी विकण्याचा हक्क विकासकाला नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तरीही "पार्किंगचे वेगळे दिले होते" असे म्हणत शेजाऱ्याशी अबोला धरणारी कुटुंबे आजही आढळतात.

खर्चाची वाटणी

व्यापारी माणसाला मालकीपेक्षा हिशोबावरून वाद अधिक टोचतो, आणि बहुतेक भांडणे मासिक वर्गणीपासूनच सुरू होतात. येथेही दोन्ही व्यवस्थांचे नियम वेगळे आहेत.

सहकारी संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार पहारेकरी, सफाई, कार्यालय, सामाईक दिवे यांसारखे सेवाशुल्क सर्वांना सारखे असते, सदनिका लहान असो वा मोठी. लिफ्टचा खर्चही सारखाच असतो, मग राहणारा पहिल्या मजल्यावर असो की पाचव्या. पाण्याचा खर्च नळजोडांच्या संख्येवर ठरतो. अपार्टमेंट कायद्यात मात्र सामाईक खर्च अविभक्त हिश्शाच्या टक्केवारीने वाटला जातो. वरच्या उदाहरणातील इमारतीचा असा खर्च महिन्याला 16,000 रुपये धरला, तर सोसायटीत प्रत्येकाला 1,000 रुपये येतील. अपार्टमेंटमध्ये 9 टक्के हिश्शाच्या मोठ्या गाळ्याला 1,440 रुपये आणि 4 टक्के हिश्शाच्या लहान सदनिकेला 640 रुपये येतील. दोन्ही हिशोब न्याय्य आहेत. अन्याय होतो तो आपण कोणत्या व्यवस्थेत आहोत हे न पाहता सोयीचा नियम पुढे केला जातो तेव्हा.

मुलगा पुण्याला गेला आणि सदनिका भाड्याने दिली, तर सोसायटीला बिनभोगवटा शुल्क घेता येते. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. विकत घेणाऱ्यानेही सावध राहावे. अपार्टमेंट कायद्यात सामाईक खर्चाची थकबाकी हा त्या सदनिकेवरील बोजा असतो आणि आधीच्या मालकाबरोबर नव्या मालकावरही तिची जबाबदारी येते. जुनी पेढी विकत घेताना आपण तिची देणी आधी विचारतो, तेच येथेही करावे. संघाकडून थकबाकीचा लेखी दाखला मागण्यात संकोच कसला?

गळक्या गच्चीखालची गंगाजळी

वर्गणी कमी ठेवणारा सचिव लोकप्रिय होतो, आणि इमारतीचे नुकसान बहुधा त्याच्याच कारकिर्दीत सुरू होते. आदर्श उपविधींत दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधीत आणि किमान 0.25 टक्के सिंकिंग फंडात टाकावे असे सांगितले आहे. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि 30 वर्षांहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी, असेही त्यात आहे. लहान गावांत या दोन्ही तरतुदींकडे 'मुंबईचे नियम' म्हणून पाहिले जाते.

24 ऑगस्ट 2020 रोजी रायगड जिल्ह्यातील महाड येथे तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि 16 माणसे गेली. महाड हे आपल्या कवठे महांकाळसारखेच तालुक्याचे गाव, आणि त्या इमारतीला दहा वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढच्याच वर्षी, 24 जून 2021 रोजी, अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सर्फसाइड येथे समुद्रकाठची बारा मजली निवासी इमारत रात्री कोसळून 98 जणांचा मृत्यू झाला. तेथे दुरुस्तीची गरज तज्ज्ञाने आधीच लेखी कळवली होती. सदनिकाधारकांच्या संघात मोठ्या खर्चावरून वाद चालला आणि काम लांबले. त्यानंतर 2022 मध्ये फ्लोरिडाने तीन व अधिक मजल्यांच्या अशा इमारतींना ठरावीक काळाने तपासणी आणि राखीव निधी सक्तीचा केला. पहिल्या दुर्घटनेने बांधकामाच्या दर्जाकडे लक्ष वेधले, दुसरीने सामाईक खर्च टाळण्याच्या वृत्तीकडे. आपल्या इमारतीला दोन्ही इशारे लागू आहेत.

कुटुंबातील नाव आणि वारस

आपल्या एकत्र कुटुंबांत आणखी एक गोष्ट घडते. सदनिका पेढीच्या पैशातून घेतलेली असते, कर्ज धाकट्या भावाच्या नावावर निघते, करारनाम्यावर त्याचेच नाव येते आणि नामनिर्देशन त्याच्या पत्नीचे होते. घरात सर्वांना ठाऊक असते की जागा सर्वांची आहे. कागदाला मात्र ते ठाऊक नसते.

नामनिर्देशन म्हणजे मालकी, हा समज प्रथम सोडावा. सभासदाच्या निधनानंतर संस्थेने कोणाशी व्यवहार करावा एवढेच त्याने ठरते. सहकारी कायद्यातील 2019 च्या प्रकरणानुसार वारसांचा हक्क ठरून नवा सभासद दाखल होईपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती तात्पुरती सभासद असते. तिने वारसांच्या वतीने ती मालमत्ता सांभाळायची असते. कंपनीच्या शेअर्सबाबत 14 डिसेंबर 2023 रोजी दिलेल्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मांडले की नामनिर्देशनाने वारसाहक्क बदलत नाही. म्हणून जागा सर्वांची असेल तर तसा नोंदणीकृत दस्त करावा. एकाची असेल तर त्याने मृत्युपत्र करावे. वडीलधाऱ्यांच्या हयातीत हा विषय काढणे अप्रशस्त वाटते खरे, पण त्यांच्या पश्चात तो न्यायालयात निघण्यापेक्षा त्यांच्या समोर, त्यांच्या शब्दाने मिटलेला बरा.

यंदाच्या वहीपूजनाला

आपले पूर्वज शब्दावर व्यवहार करीत, आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. मात्र तेच पूर्वज रोज संध्याकाळी रोजमेळ बांधल्याखेरीज दुकान बंद करीत नसत, हेही आठवावे. विश्वास आणि नोंद या दोन्ही गोष्टी एकाच गादीवर नांदत होत्या. सामाईक घराच्या बाबतीत आपण विश्वास तेवढा ठेवला आणि नोंद राहून गेली.

दिवाळीत वह्या पुजल्या जातील, तेव्हा घरातील प्रत्येक सदनिकेची एक फाइल पाटावर ठेवावी. तिच्यात पुढील कागद आहेत का ते पाहावे: नोंदलेला करारनामा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटी असेल तर भाग प्रमाणपत्र आणि संस्थेच्या नावे झालेल्या खताची प्रत, अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र आणि आपल्या नावाचे डीड, चालू मिळकत पत्रिका, आणि नामनिर्देशनाची पोच. जो कागद नसेल त्याची नोंद नव्या वहीच्या पहिल्या पानावर करावी. ती रक्कम नव्हे, पण येणेच आहे, आणि येणे वसूल कसे करायचे हे आपल्याला शिकवावे लागत नाही. मग शेजारच्या सदनिकेची घंटा वाजवून त्यांच्याही फाइलची विचारपूस करावी, कारण अर्ज कोणाच्याही नावाने निघाला तरी जमीन मिळायची ती सर्वांना मिळूनच.